फोन एकदाच घ्यायचा, रिचार्ज मात्र दर २८ दिवसांनी

परभणी, जालना, बीडकडच्या गावांत सध्या पारावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मोबाइलच्या भावाची चर्चा जोरात आहे. दहा-अकरा हजारांत मिळणारा फोन आता त्या पैशात बसत नाही, अशी तक्रार. बातमी खोटी नाही. फोनमध्ये मेमरीची जी चिप लागते ती जगात मुख्यतः तीनच मोठ्या कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआय चालवायला जी मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहताहेत त्यांनाही मेमरीच लागते, आणि ती मंडळी रोख आणि जास्त मोजतात. कंपन्यांनी माल तिकडं वळवला आणि २०२५ च्या शेवटी चिपांचे भाव चढले. महागड्या फोनमध्ये कंपनीचा नफा मोठा असतो, थोडं सोसता येतं. दहा हजारांच्या फोनमध्ये सोसायला जागाच नसते, म्हणून फटका स्वस्त फोनला आधी बसतो. ज्यानं एआय कधी वापरलं नाही त्याच्याही खिशातून एआयचा खर्च जातोय, असा हा प्रकार.

त्याआधी २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला तेव्हा बऱ्याच जणांनी फोनची खरेदी लांबवली होती. मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले, एसीही आले. मोबाइल मात्र आधीही १८ टक्क्यांत होता आणि नंतरही १८ टक्क्यांतच राहिला. वाट बघणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही.

हे सगळं खरं असलं तरी फोनच्या किमतीवर एवढा वेळ बोलणं म्हणजे बैलाची किंमत मोजायची आणि कडब्याचा हिशोब सोडून द्यायचा. फोन तीन-चार वर्षांतून एकदा घेतला जातो. हजार-दीड हजार वाढले तर वर्षाला पाचशेच्या आत पडतात. रिचार्ज दर २८ दिवसांनी उभा राहतो, आणि त्याचा वर्षाचा आकडा कागदावर मांडलेलं घर क्वचितच सापडेल.

तर मांडू. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा साधा पॅक जिओकडं २९९ रुपयांना आहे. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. घरात तीन नंबर असतील, एक कर्त्याचा, एक पोराचा किंवा सुनेचा आणि एक म्हातारीचा, तर ११,६६१ रुपये. आता दुसरीकडं बघा. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, नमो शेतकरीचे सहा हजार, दोन्ही मिळून बारा हजार. दोन्ही योजनांचे सगळे हप्ते वेळेवर पडले तरी तीन फोन चालू ठेवून हातात उरतात ३३९ रुपये. त्यातही रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहेच. ११,६६१ मध्ये कराचाच वाटा पावणेअठराशेच्या घरात जातो. दोन हजारांच्या एका हप्त्यातला बहुतेक भाग सरकारकडं कराच्या रूपानं परत गेला असं म्हटलं तर चूक होणार नाही.

पूर्वी असं नव्हतं. लाइफटाइम इनकमिंगचे दिवस बऱ्याच जणांना आठवत असतील. बॅलन्स शून्य असला तरी फोन यायचे, आणि आपल्याला बोलायचं असेल तर मिस कॉल द्यायचा. २०१८ च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानं ते बंद केलं आणि नंबर चालू ठेवायला २८ दिवसांला किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लावला. त्यावेळी गावोगाव लोक चिडले होते. एअरटेलचंच पुढचं बघितलं तर ते किमान रिचार्ज जुलै २०२१ मध्ये ७९ झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात ९९, आणि जुलै २०२४ ची दरवाढ झाली तेव्हा १९९. सहा वर्षंही झाली नाहीत आणि ३५ चे १९९, साडेपाच पटीच्या वर.

याच काळात शेतमालाचं काय झालं? २०१८-१९ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,१५० होता, २०२५-२६ ला ७,७१० आहे. सोयाबीन ३,३९९ वरून ५,३२८. दोन्ही दीडपटीच्या आसपास, आणि तेही कागदावर. मानवत-सेलूच्या बाजारात प्रत्यक्ष काय मिळालं ते ज्यानं विकलं त्याला विचारा.

कंपन्यांची बाजूही सांगायला पाहिजे. ३५ च्या पॅकमध्ये अनलिमिटेड बोलणं नव्हतं, १९९ मध्ये होतं आणि वर २ जीबी डेटाही. जिओ सप्टेंबर २०१६ ला आलं त्याच्या आधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजावे लागायचे. आज तेवढ्यात किती डेटा मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. डेटा स्वस्त झाला यात वाद नाही. वाद आहे तो ज्याला डेटा लागतच नाही त्याच्या गळ्यात डेटा बांधण्याचा. म्हातारीच्या बटनाच्या फोनवर रोजचा दीड जीबी येतो आणि रात्री बारा वाजता संपतो. वापरला किती? शून्य. पैसे पूर्ण.

मग म्हातारीचा नंबर बंद करून टाकावा, असा सोपा हिशोब काही घरांत झाला. तिला कोण फोन करणार, पोराचा फोन आहेच की, असं म्हणून. इथंच खरी अडचण सुरू होते, आणि सगळ्यात मोठं नुकसानही इथंच होतंय.

मोबाइल नंबर आता सातबाऱ्यासारखा कागद झालाय. आधारला तो जोडलेला, बँकेत तो दिलेला, गॅसला तो, रेशनला तो. शेतकऱ्याच्या नावावर जे काही करायचं त्याच्या मध्ये ओटीपी उभा. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तो काढायला आधारच्या नंबरवर ओटीपी. पीएम किसानची ई-केवायसी, तिथं ओटीपी. यंदा सीसीआयला कापूस घालायचा तर कपास किसान ॲपवर आधी नोंदणी, मग त्यावरच स्लॉट. म्हणजे कापूस वेचून गाडीत भरला तरी फोनशिवाय तो केंद्राच्या दारात जाऊ शकत नाही. आपला नंबर कधी लागलाय तेही मोबाइलच सांगणार.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत हे सगळ्यांनी डोळ्यानं बघितलं. सप्टेंबर २०२५ ला शासनानं ती सक्तीची केली, आधी दोन महिने दिले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. महिलेच्या आधारचा ओटीपी, आणि वर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. ज्या बाईचा आधारला जोडलेला नंबर आठ वर्षांपूर्वी कुणाचा तरी दिलेला, तिनं काय करायचं? आधार काढलं त्या दिवशी नंबर पाहिजे म्हणून कुणी दिराचा दिला, कुणी शेजारच्याचा, कुणी आधार काढून देणाऱ्या पोराचाच. त्यातले निम्मे नंबर आता लागत नाहीत. नवरा वारलेला, वडीलही नाहीत, अशा बायकांची फरफट तर वेगळीच होती. दीड हजाराच्या हप्त्यासाठी तालुक्याला हेलपाटे झाले, मजुरी बुडाली, आणि आधार केंद्रावर नंबर बदलायची फी १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नासची पंचाहत्तर झाली ती वेगळी.

बंद पडलेल्या नंबरचं पुढं काय होतं हेही समजून घेण्यासारखं आहे. रिचार्ज संपला की लगेच नंबर जात नाही. आधी आउटगोइंग बंद होतं, मग इनकमिंग. ट्रायचा नियम असा आहे की, ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही, म्हणजे कॉल नाही, मेसेज नाही, डेटा नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते. त्यातही खात्यात २० रुपये बॅलन्स असेल तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखायचा, असा नियम २०१३ पासून आहे. हा २० रुपयांचा नियम फक्त नंबर वाचवण्यापुरता आहे. त्यानं बोलणं चालू होत नाही. २०२५ च्या जानेवारीत सोशल मीडियावर फिरलं होतं की आता वीस रुपयांत चार महिने सिम चालणार. तसलं काही नव्हतं. जुनाच नियम नवा म्हणून फिरवला गेला.

नंबर एकदा गेला की काही काळानं तोच दुसऱ्या कुणाला तरी विकला जातो. नंबरांची संख्या मर्यादित आहे, कंपनी ती पडून ठेवत नाही. मग म्हातारीच्या बँकेचा मेसेज कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. यूपीआयमध्ये हा धोका ओळखून एनपीसीआयनं बँकांना सांगितलं की बंद झालेल्या आणि दुसऱ्याला दिलेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासा. एप्रिल २०२५ पासून ते लागू आहे. चांगलं आहे, पण यातून पैसे सुरक्षित होतात, अडलेलं काम सुटत नाही. आधारला जोडलेला नंबर दुसऱ्याच्या खिशात गेला तर ओटीपी त्याच्याच फोनवर जाणार.

तेव्हा म्हातारीचा नंबर बंद करणं परवडत नाही आणि २९९ नं चालू ठेवणंही परवडत नाही. मधला रस्ता आहे, तो बऱ्याच जणांना अजून माहीत नाही.

ट्रायनं २३ डिसेंबर २०२४ ला नियम केला की प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक असा ठेवावा, ज्यात फक्त बोलणं आणि एसएमएस असेल, डेटा नसेल. मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायची मुभा दिली. देशात १५ कोटींच्या आसपास लोक अजून साधा फोन वापरतात, त्यांनी न वापरलेल्या डेटाचे पैसे का भरावेत, हा त्यामागचा विचार. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी पॅक आणले, त्यावर ओरड झाली, मग थोडे कमी केले. कमी केल्यावर जिओचा ८४ दिवसांचा ४४८ आणि ३३६ दिवसांचा १,७४८ झाला. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ आणि वर्षाचा १,८४९. व्होडाफोन-आयडियाचा ८४ दिवसांचा ४७० आणि वर्षाचा १,८४९. दर बदलत राहतात, रिचार्ज मारायच्या आधी कंपनीच्या ॲपवर एकदा बघून घ्यावं.

वरचाच हिशोब आता परत करा. दोन फोन २९९ वर ठेवले, ७,७७४ रुपये. म्हातारीचा नंबर वर्षाच्या १,८४९ वर टाकला. एकूण ९,६२३. आधीच्या ११,६६१ मधून २,०३८ रुपये वाचले, म्हणजे योजनेच्या एका हप्त्याएवढे. बोलणं तेवढंच, ओटीपी तेवढेच.

मग हा पॅक गावात दिसत का नाही? एक तर कंपन्यांच्या ॲपवर तो पहिल्या पानावर नसतो. वर चमकतात ते ३४९, ३९९, ८५९ असले आकडे, ओटीटी फुकट म्हणून. डेटा नसलेला पॅक शोधायला खाली सरकत जावं लागतं. दुसरं, दुकानात जाऊन माणूस म्हणतो, महिन्याचं मार. दुकानदारही सवयीनं २९९ मारतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, गर्दीत उभा राहून तो कुणाकुणाला समजावणार. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं: १,८४९ एकरकमी. ज्या घरात किराणा आठवड्याच्या बाजारावर चालतो तिथं एकाच नंबरला एका दमात अठराशे पन्नास रुपये काढणं सोपं नाही. ४६९ सुद्धा कमी नाहीत. २८ दिवसांचा, शंभराच्या आतला, फक्त बोलण्याचा पॅक पाहिजे होता. तो नियमात सक्तीचा नाही म्हणून कुणी आणला नाही. मजुरी करणाऱ्याला परवडेल अशी सोय कागदावर झाली, त्याच्या खिशाच्या मापाची झाली नाही.

किमतीचंही तसंच. नियमात डेटा काढा म्हटलं होतं, किती स्वस्त करा ते म्हटलं नव्हतं. एअरटेलचा ८४ दिवसांचा, ६ जीबी डेटावाला जुना पॅक ५०९ चा होता. डेटा काढून ४६९. म्हणजे डेटा नको म्हणणाऱ्याला ८४ दिवसांत ४० रुपये सूट, दिवसाला पन्नास पैसेही नाही. कंपनीच्या मते डेटाची किंमत एवढीच असेल तर मग डेटाच्या नावावर दरवाढ कशी होते?

याहून गमतीची गोष्ट जिओच्याच दुकानात आहे. जुलै २०२३ मध्ये त्यांनी जिओभारत नावाचा ९९९ रुपयांचा बटनाचा ४जी फोन आणला. त्यासोबत २८ दिवसांचा १२३ रुपयांचा पॅक दिला. त्यात अनलिमिटेड बोलणं आणि वर १४ जीबी डेटा. बारा वेळा मारला तर ३३६ दिवसांचे १,४७६ रुपये. त्याच कंपनीचा डेटा नसलेला ३३६ दिवसांचा पॅक १,७४८. डेटा दिला तर स्वस्त, डेटा काढला तर महाग! कारण उघड आहे. १२३ चा पॅक फक्त त्याच फोनवर चालतो, आणि तो फोन दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक ओढायला काढलेला. पण यातून एक गोष्ट कळते की एवढ्या पैशात सेवा देणं अशक्य नाही. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाचा जुना फोन तसाही मरायला टेकलाय त्यांनी हा हिशोब करून बघायला हरकत नाही. जिओचं जाळं ४जीपासूनच सुरू होतं, त्यामुळं जुन्या २जी बटनाच्या फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही. दुसऱ्या कंपनीकडून तिकडं जाताना हे विसरून सिम बदलून बसलेली माणसं आहेत.

बीएसएनएलचं नाव या चर्चेत निघतंच. त्यांचे पॅक स्वस्त आहेत, आणि २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून पंतप्रधानांनी त्यांच्या देशी बनावटीच्या ४जीचं उद्घाटन केलं. पण सिम घ्यायचं ते बातमी वाचून नाही, शिवारात उभं राहून. तालुक्याच्या दुकानात चार काड्या दिसतात आणि शेतातल्या विहिरीवर एकही नाही, असं कुठल्याही कंपनीचं होऊ शकतं. आधी शेजाऱ्याचा फोन घेऊन आपल्या शेतात, आपल्या घरात, मोटारीजवळ बोलून बघावं. कंपनी बदलायची ठरली तर पोर्टचा मेसेज १९०० वर जातो. रिचार्ज संपलाय म्हणून हा मेसेज कंपनीला अडवता येत नाही, डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायनं तसे आदेश दिलेले आहेत. थकलेला नंबर सोडवायला आधी महागडा पॅक मारा असं कुणी सांगत असेल तर ते ऐकायची गरज नाही. फक्त नंबर पूर्ण बंद व्हायच्या आत हे करावं लागतं.

नव्या फोनबद्दल गावातली मतं आणि मोबाइलच्या जाहिराती यांचा मेळ तसाही बसत नाही. जाहिरात सांगते दोनशे मेगापिक्सल, एआयनं फोटोतला माणूस पुसता येतो. शेतात विचार वेगळा असतो. उन्हात स्क्रीन दिसते का. ट्रॅक्टरवर रिंग ऐकू येते का. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला गेल्यावर बॅटरी किती टिकते, टॉर्च कसा आहे. पडला तर काच कितीला आणि ती तालुक्याला मिळते का जिल्ह्याला जावं लागतं. पोरं या प्रश्नांना हसतात, पण खरेदीला हेच प्रश्न उपयोगी आहेत. त्यात एक आणखी घालावा: या फोनला सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार. कारण व्हॉट्सॲप आता अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर चालत नाही, आणि बँकांचे ॲप त्याहून कडक असतात. सेकंड हँड फोन स्वस्तात मिळाला आणि त्यावर पैसे पाठवायचं ॲपच उघडत नसेल तर तो फक्त टॉर्च.

५जी चं असंच. बहुतेक नव्या फोनवर ते असतं, त्याचे थोडे पैसेही लागतात. पण जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलनं अनलिमिटेड ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवर ठेवलं. २९९ मारणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. ई-पीक पाहणीचा फोटो ४जी वर जातो, न जाण्याचं कारण बहुतेक वेळा सर्व्हर असतं, फोन नाही. ऐन मुदतीत सर्व्हर बसला म्हणून नवा फोन घ्यायला निघालेल्या माणसाला थांबवलं पाहिजे. एका मोबाइलवरून शेजाऱ्याची पाहणीही भरता येते. गल्लीत एक चांगला फोन असला तरी चार घरांचं काम होतं.

सरलेल्या डिसेंबरमध्ये संचार साथी ॲपवरून दिल्लीत मोठा गदारोळ झाला. २८ नोव्हेंबरला दूरसंचार खात्यानं आदेश काढला की प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच टाकून द्यावं. सरकार फोनमध्ये डोकावणार म्हणून विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली. सक्ती नको हे बरोबरच झालं. आपला फोन, आपल्या मर्जीनं. पण त्या भांडणात संचार साथीची जी सेवा आधीपासून वेबसाइटवर होती ती झाकली गेली, आणि ती कामाची आहे. आपल्या नावावर किती सिम आहेत ते तिथं दिसतं. आपण न घेतलेलं सिम दिसलं तर तक्रार करता येते. बाजारात फोन चोरीला गेला तर तो बंद करता येतो, त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो स्क्रीनवर येतो. फोन हातात आहे तोवर वहीत लिहून ठेवायचा.

सिम कुणाच्या नावावर आहे हा तर आणखी वेगळा घोळ. घरातले तीन-चार नंबर एकाच माणसाच्या आधारवर घेतलेले असतात, बहुतेक कर्त्याच्या. काही घरांत तर वारलेल्या आजोबांच्या नावावरचं सिम नातू वापरतोय. चालतंय तोवर चालतं. सिम हरवलं, फोन पाण्यात पडला, की नवं सिम काढायला ज्याच्या नावावर आहे तोच माणूस लागतो. बायकोच्या आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर नवऱ्याच्या नावावर असेल आणि नवरा ऊसतोडीला कर्नाटकात असेल, तर ती बाई सिम मिळेपर्यंत स्वतःच्याच पैशाला हात लावू शकत नाही. तिच्या खात्याचा नंबर तिच्याच नावावर असला पाहिजे. नाव बदलून घ्यायला कंपनीच्या स्टोअरला जावं लागतं, दोघांना सोबत. गावाकडच्या रिचार्जच्या दुकानात ते होत नाही. तोड संपून माणसं परत आली की हे काम पहिलं उरकावं.

येत्या काळात दर पुन्हा वाढणार अशी बाजारात चर्चा आहे. वाढले तर कंपन्या खर्च वाढला असं सांगतील आणि टीव्हीवर दोन दिवस चर्चा होईल. त्यावेळी विचारायचा प्रश्न ट्रायला आहे आणि राज्य सरकारलाही. ट्रायनं २०२२ मध्ये नियम करून प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक ठेवायला लावला होता. पॅकची मुदत ठरवून देता येते, तर बोलण्यापुरता २८ किंवा ३० दिवसांचा छोटा पॅकही सक्तीचा करता येईल. आणि राज्यानं ज्या ज्या योजनेला ओटीपी लावलाय तिथं ज्या बाईचा, ज्या म्हाताऱ्याचा नंबर बंद आहे त्याच्यासाठी गावातच बोटाचा ठसा घ्यायची सोय ठेवावी. रेशनच्या दुकानात ठशाचं मशीन आहेच. धान्य ठशावर मिळतं, तर ई-केवायसीला काय अडचण आहे ते तहसीलवाल्यांनी एकदा सांगावं.